लिओनाच्या गाडीतलं माकड

अर्जातला पहिला आरोप खरा होता. दुसराही खरा होता. तिसरा वाचून मात्र लिओना कुबेनाचं डोकंच फिरलं.

पहिला आरोप असा, की कोलबर्न काउंटीची निवडून आलेली सरकारी वकील लिओना कुबेना ही सहा जानेवारीला, नाताळामागून येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या संध्याकाळी दारू पिऊन तर्र होती. दुसरा, त्याच अवस्थेत तिने आपली गाडी स्वतःच्याच फाटकावरच्या टपालपेटीवर घातली. आणि तिसरा असा, की त्या वेळी तिच्या गाडीत एक माकड होतं आणि ते पाळायचा परवाना तिच्याकडे नव्हता.

"माकड?" ती ऑफिसात एकटीच असताना मोठ्याने म्हणाली. युरोपातून आलेल्या चेक लोकांनी वसवलेल्या स्वोबोडा गावात गायी होत्या, डुकरं होती, टॅकेटचा गुरांच्या लिलावाचा तळ होता. माकड बघायचं तर सॅन अँटोनिओच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत जावं लागे.

टेक्ससात सरकारी वकिलाला लोक मतं देऊन खुर्चीवर बसवतात, आणि उठवायचं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायची गरज नसते. काउंटीतल्या कुणाही रहिवाशाने शपथेवर अर्ज करावा. जजना त्यात दम वाटला तर समन्स निघतं आणि ज्युरी बसते, नाही वाटला तर अर्ज केराच्या टोपलीत जातो. कारणं मोजकीच आहेत: नालायकी, गैरवर्तन आणि दारू. दारूच्या कलमात खोच अशी, की कामावर असताना घेतलेली आणि सुटीच्या दिवशी घेतलेली, दोन्हींचा हिशेब एकच.

हे कलम लिओनाला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. असले अर्ज चालवणं हे सरकारी वकिलाचंच काम, आणि तिने स्वतः ह्याच कलमाखाली पर्व्हिस ओक्स नावाच्या निवडून आलेल्या कॉन्स्टेबलला घरी बसवलं होतं. "तो त्या दिवशी सुटीवर होता म्हणे," ती ज्युरीला म्हणाली होती, "पण शपथेला सुटी नसते." ते वाक्य गावाने इतकं उचललं, की तिच्या प्रचाराच्या फलकांवर छापलं गेलं. आता तिचा स्वतःचा अर्ज चालवायला शेजारच्या काउंटीचा वकील येणार होता आणि तो फलक खुशाल ज्युरीपुढे धरणार होता.

अर्ज केला होता रॉयस टॅकेटने. गुरांच्या लिलावात वजनकाट्याशी खेळ केला म्हणून लिओनाने मागच्या वर्षी त्याला कोर्टात उभं केलं होतं. त्याने डूख धरला ह्यात नवल नव्हतं. पण त्याला कळलं कसं? लिओनाला रात्रंदिवस हाच भुंगा लागला.

त्या संध्याकाळी झालं ते इतकंच. तिचा नवरा एमिल आदल्या वसंतात गेला. तीन राजांच्या सणाला तो दर वर्षी चर्चच्या हॉलमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. ह्या वर्षी ते दुसऱ्याच कुणी वाजवलेलं तिला ऐकवेना. ती उठून स्मशानात गेली, त्याच्या थडग्यापाशी गाडी उभी केली आणि त्याचीच उरलेली आलुबुखारची दारू घशाखाली घातली. मग घरी यायला निघाली ती टपालपेटीपर्यंत पोचली. गस्तीवरचा डेप्युटी डेल ट्रॅमेल तिथे आला. तिच्या घराची किल्ली सापडेना म्हणून त्याने तिची कारकून ओफेलिया रेंडॉन हिला फोन केला आणि ओफेलिया जादा किल्ली घेऊन आली. तेवढ्यात लिओनाची आई अल्बिना दाराच्या चौकटीवर तीन राजांची आद्याक्षरं लिहायला मंतरलेला खडू घेऊन दारात हजर. तिघांनी मिळून तिला आत नेऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी ओफेलियाने कोर्टाला कळवलं, की मिस लिओनाला फ्लू झालाय.

म्हणजे तोंड उघडू शकणारी माणसं दोन, डेल आणि ओफेलिया. आईला तिने धरलंच नाही.

डेलला तिने कोर्टाच्या मागच्या जिन्यात गाठलं.

"डेल, टॅकेटशी तुझं काय बोलणं झालं?"

"माझं?" डेलने टोपी काढली. "मिस लिओना, मी तुम्हाला त्या दिवशी पकडलं नाही, श्वास तपासला नाही, काही केलं नाही. हे बाहेर पडलं तर तुमच्या आधी माझी नोकरी जाईल. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

ह्यात तिला खोट सापडेना. उरली ओफेलिया.

एकदा संशय धरला, की माणूस साधं शिंकलं तरी त्यात अर्थ दिसायला लागतो. ओफेलिया तिच्याकडे बारा वर्षं होती. पण आता लिओनाला दिसू लागलं, की फोन वाजला की ती झडप घालून उचलते, एक-दोन शब्द ऐकते आणि चेहरा पाडून ठेवून देते. "कोण होतं?" असं विचारलं की म्हणते, "चुकीचा नंबर." इतके चुकीचे नंबर? एकदा लिओना दारात उभी राहिली तर ओफेलिया फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती, "लाज वाटत नाही का तुम्हाला? इथे करू नका परत." लिओनाला बघताच तिने फोन आपटला.

"कोणाला सांगत होतीस?"

"कुणी नाही, मिस लिओना. चुकीचा नंबर."

"टॅकेट होता ना? इथे फोन करू नका, घरी करा, असंच ना?"

ओफेलिया बघतच राहिली. "तुम्हाला असं वाटतं?"

"मला काय वाटतं ते राहू दे. त्या संध्याकाळी तू होतीस, डेल होता. डेल बोलला नाही. मग टपालपेटीवर गाडी घातल्याचं टॅकेटला काय स्वप्न पडलं?"

"आणि माकड? माकडाचंही मीच सांगितलं म्हणता?"

"तिखटमीठ लावायला काय लागतं."

ओफेलियाने भांडण केलं नाही. केलं असतं तर लिओनाला बरं वाटलं असतं. तिने टेबलावरचा मुलीचा फोटो उचलला, कॉफीचा कप पुसून पिशवीत घातला. दाराशी थांबून म्हणाली, "एमिलसाहेब गेले तेव्हापासून तुम्ही एकट्या आहात म्हणून मी गप्प बसते. पण एक सांगते, फोन आता तुम्ही उचला." आणि गेली.

गावाला तेवढंच पुरलं. ओफेलियाला काढली म्हणजे चुगली तिनेच केली, हे दुपारपर्यंत सर्वांना पटलं. शाळेच्या ऑफिसात एक जागा होती. तिथल्या बाईंनी तिला गोड बोलून परत पाठवलं. चुगलखोर कारकून कुणाला हवी असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिओनाच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला.

"हूप! हूप! हूप!" पलीकडून कुणीतरी ओरडलं, मागे चार जण खिदळले आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने परत वाजला. ह्या वेळी बाईचा आवाज होता. "हॅलो, माकडाला केळी पोचवायची होती, पत्ता काय?"

दुपारपर्यंत असे कितीतरी फोन आले. शेवटी लिओनाने वायरच उपटली आणि ती हातात धरून बसून राहिली. एवढे दिवस ही घाण ओफेलिया एकटी ऐकत होती, आणि लिओनाच्या कानावर पडू नये म्हणून चुकीचा नंबर, चुकीचा नंबर करत होती. लिओनाला आपल्या जिभेची शिसारी आली. तरी मनातला वकील हटेना. ही नाही, तर मग कोण?

तिचा स्वतःचा वकील हॉलिस बीन मात्र खुशीत होता. "तारीख निवडणुकीच्या आधीची असती, तर काहीच करायला नको होतं," तो म्हणाला. "लोकांनी निवडून दिलं, की आधीचं सगळं माफ. कायदाच तसा आहे."

"सहा जानेवारी, हॉलिस. निवडणूक नोव्हेंबरात झाली."

"माहितीये गं. म्हणून तर म्हणतो, त्या माकडाला जप. टॅकेटने काहीच पाहिलेलं नाही, नुसत्या ऐकीव गोष्टीवर शपथ घेतलीय. मी त्याला फक्त माकडाबद्दल विचारणार. कोर्ट हसलं, की जज अर्ज फेकतात आणि टपालपेटीपर्यंत कुणी पोचतच नाही. तू फक्त तोंड बंद ठेव."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जत्रेसाठी शेवया करायला बायका जमल्या. लिओना दर वर्षी जायची. न जावं तर लोक म्हणतील घाबरली, म्हणून गेली. ती आत शिरली तशी कुजबुज थांबली आणि नको इतक्या हसतमुखाने सगळ्यांनी तिला पीठ दिलं. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत लाटत होती. हिने सांगितलं असेल? की हिने?

टॅकेटची बायको डार्लीनही होती. ती माहेरची चेकच, पण भाषा विसरलेली. आजीने लहानपणी शिकवलेली बडबडगीतं आणि प्राण्यांची नावं तेवढी तिला येत. ती लिओनाकडे पाठ करूनच बसली होती.

इतक्यात म्हातारी व्लास्ता मारेक हिचा पुतण्या बाकं लावायला आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला, एका हाताने कपाळ दाबून धरलेलं. व्लास्ताबाईंनी लाटणं थांबवलं आणि जुन्या चेकमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मा ओपित्सी! बघा, आमच्या पोराकडे माकड आहे!"

म्हाताऱ्या बायका खो खो हसल्या. डार्लीनने वळून पोराच्या खांद्यावर बघितलं, मागे बघितलं. "कुठाय माकड?" तिने विचारलं.

लिओनाचं लाटणं हातातच राहिलं.

जुन्या चेक माणसांत पिऊन झिंगलेल्याला कुणी झिंगला म्हणत नाही. त्याच्याकडे माकड आहे, एवढंच म्हणतात. एमिल म्हणायचा. तो गेल्यापासून तिने ते ऐकलंच नव्हतं, आणि अर्ज होता इंग्रजीत, त्यामुळे तिच्या ध्यानातही आलं नाही. म्हणजे हे ज्याने सांगितलं ते चेकमध्ये सांगितलं. डेलला चेक येत नव्हतं. ओफेलियाला तर 'नमस्कार' आणि 'सॉसेज' ह्यापलीकडे एक शब्द माहीत नव्हता. उरली आई. लिओना पीठ भरलेल्या हातांनीच बाहेर पडली.

अल्बिना स्वयंपाकघरात खसखस दळत होती. वय चौऱ्याऐंशी, पण हात अजून चालता.

"आई," लिओनाने दारातूनच विचारलं, "तू माझ्याबद्दल साखळीवर सांगितलंस?"

साखळी म्हणजे चर्चमधल्या बायकांची प्रार्थनेची साखळी. कुणाकडे आजार, संकट आलं, की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. प्रश्न विचारायचे नाहीत, ऐकलं ते पुढे सांगायचं आणि प्रार्थना करायची.

"सांगितलं," आई दळत म्हणाली. "मग?"

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? टपालपेटी पाडली, लिओनाकडे माकड आहे, प्रार्थना करा. तुझा पाय मोडला असता तर नसतं सांगितलं?"

"अगं, साखळी डार्लीनपर्यंत गेली! तिने अर्धं इंग्रजीत ऐकलं, माकड खरंच समजली आणि नवऱ्याला सांगितलं! दारू त्याने टपालपेटीवरून ताडली! माझी खुर्ची जायची वेळ आलीय!"

"मी खुर्चीसाठी प्रार्थना मागितली नव्हती, पोरी. तुझ्यासाठी मागितली होती." आईने आता दळण थांबवलं. "आपली पोर कपाटात बाटल्या लपवते, आणि मी गप्प बसू? मला दुसरं काय करता येतं?"

लिओनाला संताप आला, आणि त्या संतापाला बसायला जागाच सापडेना. ती खुर्चीत बसली. "तुला कुणी विचारलं, तर शपथेवर काय सांगशील?"

"झालं ते."

"कुणी विचारणार नाही. माकड म्हणजे माकडच समजतायत सगळे." ती स्वतःशीच म्हणाली. "सोमवारी अर्ज फेकला जाईल. संपलं."

"बरं झालं की," आई म्हणाली. मग दळण पुन्हा सुरू करत: "परवा ती ओफेलिया आली होती."

"इथे? कशाला?"

"तुझ्या घराची जादा किल्ली द्यायला. म्हणाली, आता माझ्याकडे ठेवणं बरं दिसत नाही. मी कोलाचे दिले, आपले खसखशीचे गोड पाव. तिने हात लावला नाही." आईने ओट्यावरच्या बशीखालून किल्ली काढून लिओनापुढे ठेवली. "तिला कुणी कामावर घेत नाही म्हणे. तू काय केलंस गं तिचं?"

लिओनाने किल्ली खिशात टाकली.

सोमवारी कोर्टात बसायला जागा नव्हती. मागच्या बाकांवर कुणीतरी कापसाचं माकड आणलं होतं. बेलिफने ते काढून घेतलं तेव्हाही लोक हसले. पर्व्हिस ओक्स पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. अल्बिना जपमाळ घेऊन आली होती. आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला, आजूबाजूला जागा सोडून, ओफेलिया बसली होती. गर्दी असूनही तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

हॉलिस बीनने ठरवलं होतं तसंच केलं.

"टॅकेटसाहेब, माकड कुठल्या जातीचं होतं?"

"मला काय माहीत?"

"शेपूट होतं?"

"मी पाहिलं नाही. मला कळलं."

"अंगात कपडे होते का? पुढच्या सीटवर बसलं होतं की मागच्या? पट्टा बांधला होता?"

कोर्ट हसून हसून लोटपोट झालं. टॅकेटची मान लाल झाली. "गावात सगळ्यांना माहितीये!" तो ओरडला. डार्लीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जज स्टॅनफिल ह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसण्याने पाणी आलं होतं. "चाळीस वर्षांत माझ्यापुढे शपथेवर माकड आलं नव्हतं," ते म्हणाले. "एका कलमात ही गत, तर बाकीच्यांवर मी काय भरवसा ठेवू? हा अर्ज मी..." आणि तेवढ्यात त्यांना थट्टेची हुक्की आली. "जाता जाता विचारतो हं, मिसेस कुबेना. होतं का हो खरंच माकड?"

हॉलिसने कागद आवरायला घेतले होते. लिओनाने नुसती मान हलवायची होती. हसून 'नाही' म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. खुर्ची वाचत होती. तिने मागे वळून बघितलं. सगळ्या रांगा हसत होत्या. शेवटच्या बाकावरची बाई तेवढी हसत नव्हती.

लिओना उभी राहिली.

"होतं, जजसाहेब."

आणखी एक हशा उसळला. हॉलिसने तिची बाही खेचली. तिने ती सोडवून घेतली.

"होतं," ती पुन्हा म्हणाली. "आमच्या घरच्या भाषेत, माणूस पिऊन शुद्धीत नसला, की त्याच्याकडे माकड आहे असं म्हणतात. म्हाताऱ्या मंडळींना विचारा. मिसेस टॅकेटनी जसं ऐकलं तसंच सांगितलं, त्यांचा काही दोष नाही. त्या संध्याकाळी मी प्यायले होते आणि गाडी चालवत होते. सहा जानेवारीला, निवडून आल्यानंतर." ती शेवटच्या बाकाकडे वळली. "आणि आणखी एक. हे ओफेलिया रेंडॉनने कुणाला सांगितलं नाही. मी तिला चुगलखोर ठरवून हाकलली, ते खोटं होतं. हे माझ्या आईने सांगितलं. देवाला सांगितलं होतं, वाटेत गावाने ऐकलं."

आता कुणी हसत नव्हतं. ज्यांना चेक येत होतं त्या बायका माना खाली घालून बसल्या. इतक्या लांबून नीट ऐकू न आलेल्या अल्बिनाने शेजारच्या व्लास्ताला जोरात विचारलं, "काय म्हणाली?" आणि व्लास्ताने तिचा हात दाबून तिला गप्प केलं.

जजनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी पेन उचललं. "समन्स काढा," ते कारकुनाला हळूच म्हणाले. पर्व्हिस ओक्सने हाताची घडी सोडली.

बाहेरच्या व्हरांड्यात ओफेलिया पिशवी खांद्याला लावून निघाली होती. लिओनाने तिला जिन्याच्या तोंडाशी गाठलं.

"परत येशील?"

"कुठे, मिस लिओना?" ओफेलिया म्हणाली. "आत्ता जे बोललात, त्यावर ज्युरीला कॉफी संपवायलासुद्धा वेळ लागायचा नाही. तुमचंच ऑफिस राहत नाही, मी परत येऊ कुठे?"

लिओनाने खिशातून ती जादा किल्ली काढली आणि पुढे केली.

ओफेलिया किल्लीकडे बघत राहिली. लोक बाजूने उतरत होते, कुणी थांबून बघत होते.

"ही ऑफिसची नाही," ती शेवटी म्हणाली. "ही घराची आहे."

"हो."

तिने किल्ली उचलली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढून घेतली.

"मग ही ठेवते," ती म्हणाली.